घर कोणाचं, गळती कोणाची?

मी कॉन्व्हेंटची मुलगी. मला 'लीकेज' माहीत होतं, 'गळती' हा शब्द यावलच्या घरी शिकले!

घर जुनं, धाब्याचं. लाकडी सऱ्यांवर मातीचं छत. पूर्वी दरवर्षी आखाजीनंतर, मिरगाच्या आधी धाब्यावर नवी माती पडायची. मागच्या दोन खोल्या आजीने भाड्याने दिल्या आहेत, महिना १५०० रुपये. दोन वर्षं माती टाकायची राहून गेली आणि पहिल्याच मोठ्या पावसात भाडेकरू मावशी दारात उभ्या, "माय, रातभर पानी गयलं वं!"

मिस्त्रीने खर्च सांगितला २२ हजार. वर्षाचं भाडं १८ हजार! आजीचं तोंडच उतरलं. तिची औषधं त्याच भाड्यातून येतात.

मला वाटलं, भाडं इतकं कमी, मावशींनीच करून घ्यावं. मग महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ वाचला. कलम १४ म्हणतं, करारात वेगळं ठरलं नसेल तर दुरुस्ती मालकाचीच. त्याने टाळली तर किमान १५ दिवसांची नोटीस देऊन भाडेकरूने ती करावी आणि खर्च भाड्यातून कापावा. पण एका वर्षात भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. म्हणजे आमच्याकडे ४५०० रुपये. पैसे फिटायला पाच वर्षं! केळीच्या बागेत मजुरी करणाऱ्या मावशी २२ हजार आणणार कुठून?

शेवटी मावशींनी तीन महिन्यांचं भाडं आगाऊ दिलं, उरलेले बाबांनी उसने आणले. छत झालं. पण माझं मत असं की, ही वेळच येऊ नये. मालकाने भाड्यातले दरमहा दीडशे रुपये बाजूला ठेवावेत. कोणती दुरुस्ती कोणाची, हे करारात लिहावं. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात अशी यादीच आहे : बांधकामाची दुरुस्ती मालकाकडे, नळाचे वॉशर भाडेकरूकडे. आणि भाडेकरूने पहिला थेंब पडला की सांगावं. मावशी आदल्या वर्षीच भिंतीची ओल बघून गप्प बसल्या होत्या... भाडं वाढेल या भीतीने!

आपण हॉस्टेलवाले तर भीती नसतानाही गप्प बसतो. 'आपल्या बापाचं काय जातंय?' बापच फी भरतो ना! आज आपल्या मजल्यावरचा गळका नळ तक्रारवहीत लिहा. मी आमचे दोन लिहून आले.