मढपासून राजभवनापर्यंत

मढच्या कोळीवाड्यातून आजही वर्सोव्याला जायला फेरीबोट धरावी लागते, नाहीतर मार्वेमार्गे मालाडचा वळसा. अशा वस्त्यांच्या उत्तर मुंबईने राम नाईकांना 1989 पासून 1999 पर्यंत सलग पाच वेळा लोकसभेत पाठवले. आटपाडीत वाढलेला हा माणूस त्याआधी तीनदा बोरिवलीचा आमदार होता. लोकल, पाणी, मच्छीमारांचे प्रश्न यांत त्यांनी कंटाळा केला नाही. मतदारांना दरवर्षी छापील कार्यअहवाल देण्याची त्यांची सवय तर आम्हाला त्यांच्या पदांहून मोठी वाटते. 1994 मध्ये कर्करोगाने गाठले. बरे होऊन ते पुन्हा कामाला लागले. संसदेत ‘जन गण मन’ आणि ‘वंदे मातरम्’ घुमू लागले ते त्यांच्या आग्रहामुळे. पुढे पेट्रोलियम मंत्री झाले. 2004 मध्ये अभिनेता गोविंदाने त्यांना सुमारे 48 हजार मतांनी हरवले, 2009 मध्येही पराभव झाला. तरीही जनसंपर्क तुटला नाही. 2014 ते 2019 उत्तर प्रदेशचे राज्यपाल, 2024 मध्ये पद्मभूषण. मढच्या आजच्या प्रतिनिधींनीही दरवर्षी असा अहवाल जेट्टीवर, मासळी उतरते तिथे, लोकांच्या हाती द्यावा, ही आमची मागणी आहे.