काचपेटीची घडवंची

आपल्या जुन्या स्वयंपाकघरांतून पाण्याचे हंडे-कळशा ठेवण्यासाठी लाकडी घडवंची असे. नळ आले, टाक्या आल्या आणि घडवंची अडगळीत गेली. आता पुष्कळ घरांच्या दिवाणखान्यात माशांची काचपेटी आली आहे आणि तिच्यासाठी पुन्हा एका घडवंचीची गरज भासू लागली आहे. ती घरच्या घरी करता येईल काय? अवश्य येईल. मात्र करवत हाती घेण्यापूर्वी पेन्सिल हाती घ्यावी. कारण या कामात प्रथम गणित येते, सुतारकाम त्यानंतर.

समजा, पेटी ९० सेंटिमीटर लांब, ३० रुंद आणि ४० उंच आहे. तिचे घनफळ १०८ लिटर, म्हणजे काठोकाठ भरल्यास १०८ किलो पाणी. ६ मिलिमीटर जाडीच्या काचेचे वजन सुमारे १८ किलो आणि तळाशी दोन बोटे वाळू-खडी अंथरली तर तिचे आणखी १५ ते २० किलो. पेटी काठापर्यंत कोणी भरत नाही हे खरे. तथापि आधाराचा हिशेब १४० किलोंचाच धरावा. दोन धडधाकट माणसे रात्रंदिवस त्या घडवंचीवर उभी आहेत, असे समजावे. पेटीची लांबी, रुंदी आणि उंची ही तिन्ही मापे दुप्पट केली, तर पाण्याचे वजन दुप्पट नव्हे, आठपट होते, हेही विसरू नये.

एवढ्या वजनासाठी जाडजूड पाय हवेत, असा सर्वसाधारण समज असतो. वस्तुतः ५ सेंटिमीटर चौरस जाडीचे चार सागवानी पाय घेतले, तर दर चौरस सेंटिमीटरवर दीड किलोहूनही कमी भार येतो. उभ्या धाग्याच्या दिशेने सागवान याच्या कितीतरी पट भार पेलते. घडवंची दगा देते ती सांध्यांत. आडवी पट्टी पायाच्या बाजूला नुसती स्क्रूने ठोकली, तर सारे पाणी त्या दोन-चार स्क्रूंवर लोंबकळत राहते. वरची चौकट पायांच्या माथ्यावरच टेकली पाहिजे. स्क्रूने लाकूड जागेवर धरावे, भार लाकडाने वाहावा.

हे तत्त्व नवे नाही. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथील जुन्या वाड्यांत पाहावे. खांब दगडी तळखड्यावर उभा, खांबाच्या माथ्यावर तुळई, तुळईवर कड्या आणि कड्यांवर पाट. भार लाकडातून लाकडात आणि शेवटी दगडात उतरतो. खिळ्यावर कोणी विसंबलेले नाही. तळखड्यामुळे खांबाचे बूड जमिनीच्या ओलीपासून दूर राहते. आपणही घडवंचीच्या पायांखाली रबराचे किंवा फरशीचे तुकडे द्यावेत.

चौकटीची पट्टी आडवी न निजवता उभ्या कडेवर बसवावी. ३ इंच रुंद व १ इंच जाड पट्टी निजवण्याऐवजी उभी धरली, तर ती वाकण्यास नऊपट अधिक विरोध करते. याचे महत्त्व असे की, लाकूड क्षणभराचा भार सोसते. पण तोच भार वर्षानुवर्षे राहिला तर हळूहळू बाक धरते आणि काचेला बाक मानवत नाही. मागील बाजूस प्लायवूडचा पूर्ण पत्रा किंवा तिरपी पट्टी मारावी, म्हणजे घडवंची डावी-उजवीकडे डुलणार नाही. वरचा पाट १८ मिलिमीटर जाडीच्या, पाण्यात टिकणाऱ्या प्लायवूडचा असावा. भुशाच्या दाबीव फळ्या ओलाव्याने फुगतात. त्या स्वस्त असल्या तरी वर्ज्य. सर्व कडांना, विशेषतः कापलेल्या टोकांना, वॉर्निशाचे दोन-तीन हात द्यावेत.

ज्यांच्या घराला अद्याप कडीपाटाची जमीन आहे, त्यांनी पेटी खोलीच्या मध्यभागी ठेवू नये. ती भिंतीलगत ठेवावी आणि कड्यांना काटकोनात राहील अशी ठेवावी, म्हणजे भार एकाच कडीवर न पडता अनेक कड्यांवर वाटला जाईल. कड्या किडलेल्या असल्यास पेटीचा विचार तळमजल्यापुरताच करावा. घरात लहान मुले असतील तर घडवंची दोन फुटांहून उंच करू नये आणि लोखंडी कोनाने ती भिंतीशी जखडावी. मूल पट्टीवर पाय देऊन चढणारच. १०० लिटर पाणी आणि काच यांच्या खाली सापडलेल्या मुलाला शोभेच्या वस्तूची केवढी किंमत द्यावी लागेल, ते सांगण्याची आवश्यकता नाही.

पेटी मांडताना पाणसळ लावून पाट समपातळीत आहे ना, ते पाहावे. पेटीखाली थर्मोकोलचा पातळ थर द्यावा. मग एक तृतीयांश पाणी भरून थांबावे आणि चारही कोपऱ्यांत काठापासून पाण्यापर्यंतचे अंतर मोजावे. फरक आढळल्यास पेटी रिकामी करून पायाखाली पाचर द्यावी. पेटी व पाट यांच्यामध्ये मुळीच देऊ नये. भरलेली पेटी जागची हलवू नये. पंपाची वायर प्लगकडे सरळ न नेता तिला खाली झोळ द्यावा, म्हणजे वायरवरून ओघळणारे पाणी झोळाच्या तळाशीच ठिबकेल.

हे काम सुट्टीच्या दोन दिवसांत होण्याजोगे आहे आणि ते मुलांना बरोबर घेऊन करावे. घनफळाचे उदाहरण वहीत सोडवणारा मुलगा उत्तरापुढे ‘लिटर’ लिहून मोकळा होतो. तेच पाणी त्याने बादलीने मोजून पेटीत ओतले आणि खालच्या लाकडावर हात ठेवून पाहिला, की त्या १०८ आकड्याला वजन असते, हे त्याला निराळे शिकवावे लागत नाही.