माघारीची तयारी

हिमालयांत जाऊं इच्छिणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांस असें वाटतें कीं, पायांत बळ असलें म्हणजे झालें. कळसूबाईचें १,६४६ मीटरांचें शिखर जो एका दमांत चढतो, त्यास पुढें कसली भीति? ही समजूत आमच्या मतें घातक आहे.

सुमारें ५,५०० मीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रकांठच्या निम्माच असतो. आणि विरळ हवेचा विकार सशक्तासहि सोडीत नाहीं. म्हणून कांहीं महिने आधीं पाठीवर ओझें घेऊन चढण्या-उतरण्याचा सराव अवश्य करावा. परंतु ३,००० मीटरांच्या वर रोजचा मुक्काम आदल्या मुक्कामाहून ५०० मीटरांपेक्षां अधिक उंच नसावा, व तीन-चार दिवसांनीं एक दिवस विसावा घ्यावा.

मनाची तयारी याहून कठीण. डोकें दुखूं लागलें, मळमळूं लागलें, तर तें सोबत्यांपासून लपविणें हें शौर्य नव्हे. तें सांगून थांबावें, आणि दुखणें वाढल्यास खालीं उतरावें. १९२४ सालीं नॉर्टन हे कृत्रिम प्राणवायूवांचून एव्हरेस्टवर सुमारें ८,५७० मीटरांपर्यंत पोहोंचले. परंतु शक्ति व दृष्टि साथ देईनात, हें ओळखून माघारीं फिरले. त्या रीतीनें शिखर गांठलें गेलें तें १९७८ सालीं. माघारीनें नॉर्टन यांची कीर्ति उणी झाली नाहीं.

ज्या मुलास वर्गांत ‘मला समजलें नाहीं’ असें म्हणण्याची लाज वाटते, तो तेथें ‘मला सोसत नाहीं’ असें कसें म्हणेल? ही तयारी येथूनच सुरू व्हावी.