विश्लेषण : मध्येच थांबलेले अ‍ॅप कर्नल पुन्हा सुरू कसे करतो? त्यात धोका काय?

अँड्रॉइड फोनच्या गाभ्याशी असतो लिनक्स कर्नल. चालू अ‍ॅपला मध्येच थांबवून तातडीचा निरोप द्यायचा असेल, तर तो ‘सिग्नल’ पाठवतो. निरोपाचे काम उरकले की अ‍ॅप होते तिथूनच पुढे चालू लागते. वापरणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

हे साधते कसे?

सिग्नल देताना कर्नल प्रोसेसरच्या रजिस्टरमधील आकडे आणि पुढे कोणती सूचना चालवायची, याची नोंद करतो. ही नोंद तो स्वतःकडे न ठेवता अ‍ॅपच्याच मेमरीत, स्टॅकवर ठेवतो. काम संपल्यावर ‘सिगरिटर्न’ हा सिस्टीम कॉल होतो आणि कर्नल नोंद वाचून आकडे जागच्या जागी भरतो. म्हणजे पावती ग्राहकाच्या हाती, स्थळप्रत मात्र कुठेच नाही!

पावती बनावट असेल तर?

कर्नल तीही स्वीकारतो. अ‍ॅममधील एखाद्या त्रुटीचा फायदा घेऊन हल्लेखोराने स्टॅकवर खोटी नोंद लिहिली आणि सिगरिटर्न घडवून आणला, की सगळी रजिस्टर एका फटक्यात त्याच्या ताब्यात. आम्स्टरडॅमच्या फ्रिये विद्यापीठातील एरिक बोसमन आणि हर्बर्ट बॉस यांनी २०१४ मध्ये हे दाखवून दिले. यातून कर्नल थेट हाती लागत नाही, अ‍ॅपपुरतेच अधिकार मिळतात. पण ते अ‍ॅप ब्राउझर असेल तर तेवढेही पुष्कळ झाले.

उपाय काय?

ओपनबीएसडीने २०१६ मध्ये नोंदीत गुप्त आकडा घालायला सुरुवात केली. लिनक्ससाठीही त्याच वर्षी तसा प्रस्ताव आला, पण तो मूळ कर्नलमध्ये गेला नाही. अडचण खरी आहे : ‘क्रियू’सारखी साधने गोठवून ठेवलेला प्रोग्रॅम पुन्हा जिवंत करण्यासाठी अशी नोंद स्वतःच तयार करतात, आणि तेही प्रामाणिक कामासाठी.

आता वाट निघाली आहे ती ‘शॅडो स्टॅक’ची. अ‍ॅपला सहज लिहिता न येणाऱ्या या मेमरीत कर्नल सिग्नल दिल्याची खूण ठेवतो आणि परतताना ती तपासतो. ही अर्धीच स्थळप्रत म्हणायची, कारण रजिस्टरचे आकडे त्यात नसतात. लिनक्सने ही सोय इंटेल-एएमडी प्रोसेसरसाठी २०२३ च्या ६.६ आवृत्तीत, तर मोबाइलमधल्या आर्म रचनेसाठी २०२५ च्या ६.१३ मध्ये आणली. मात्र त्यासाठी प्रोसेसरमध्येच तशी व्यवस्था लागते. ती नसलेल्या जुन्या फोनला नुसत्या अपडेटने हे कवच मिळणार नाही.