सोर्स कोड खुला, रोजकीर्द बंद

शिधावाटप, शिष्यवृत्ती, महाविद्यालयीन प्रवेश, भविष्यनिर्वाह निधी अशा अनेक व्यवहारांतील निर्णय आज संगणकाच्या आज्ञावलीमार्फत होतात. शासनाचा नियम राजपत्रात प्रसिद्ध होतो. परंतु तो नियम प्रत्यक्षात लागू करणारी आज्ञावली बहुधा कोणाच्याही दृष्टीस पडत नाही. अशा आज्ञावलीचा सोर्स कोड जनतेला पाहावयास मिळावा काय, हा प्रश्न म्हणूनच केवळ तंत्रज्ञांचा राहिलेला नाही.

येथे एक भेद ध्यानात घेणे अगत्याचे आहे. तयार सोर्स कोड एकदा प्रसिद्ध करणे म्हणजे वर्षअखेरचा ताळेबंद छापणे होय. गिटसारख्या आवृत्ती-नियंत्रण व्यवस्थेत मात्र प्रत्येक फेरबदलाची नोंद राहते: तो कोणी केला, केव्हा केला, कोणत्या कारणास्तव केला आणि कोणती ओळ बदलली. ही रोजकीर्द होय. ताळेबंद जुळवून दाखविता येतो. रोजकीर्दीतून व्यवहार कसा घडला ते कळते.

‘आरोग्य सेतू’चे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. करोनाच्या साथीत, २ एप्रिल २०२० रोजी, हे ॲप सुरू झाले. १ मे रोजीच्या आदेशाने ते सरकारी व खासगी कर्मचाऱ्यांना सक्तीचे करण्यात आले. ही सक्ती त्याच महिन्यात शिथिल झाली. अँड्रॉइड आवृत्तीचा सोर्स कोड खुला करण्याची घोषणा २६ मे रोजी झाली. म्हणजे सक्ती आधी आणि तपासणीची मुभा नंतर, असा हा क्रम होता. प्रसिद्ध झालेला कोड प्रत्यक्ष वापरातील ॲपशी जुळत नाही, असा आक्षेप जाणकारांनी घेतला. नागरिकांची माहिती जेथे साठत होती त्या सर्व्हरकडील कोड तर नोव्हेंबरमध्ये खुला झाला. तत्पूर्वी ऑक्टोबरमध्ये, हे ॲप कोणी तयार केले या माहिती अधिकारातील साध्या प्रश्नाला सरळ उत्तर न मिळाल्याने केंद्रीय माहिती आयोगाने संबंधितांना नोटिसा काढल्या. फेरबदलांची मूळ वही आरंभापासून खुली असती, तर यांतील बराचसा वाद उद्‌भवलाच नसता.

याउलट जर्मनीने आपल्या ‘कोरोना-वॉर्न-ॲप’चा कोड, सर्व्हरकडील भागासह, मे २०२० मध्येच गिटहबवर ठेवला. ॲप लोकांच्या हाती आले ते १६ जून रोजी. दोष काढणाऱ्यांना वापरापूर्वीच संधी मिळाली आणि ॲप घेणे ऐच्छिक ठेवूनही शासनाला लोकांचा विश्वास मागता आला.

खुलेपणामुळे सुरक्षितता धोक्यात येईल, असे यावर सांगितले जाते. संकेतशब्द, गुप्त किल्ल्या आणि नागरिकांची व्यक्तिगत माहिती उघड होता कामा नये, हे निर्विवाद आहे. पण या गोष्टी सोर्स कोडपासून वेगळ्या ठेवता येतात, किंबहुना त्या ठेवावयासच हव्यात. कोड लपविल्यावाचून जी व्यवस्था सुरक्षित राहत नाही, ती मुळातच दुबळी समजली पाहिजे. सामान्य माणूस हा कोड वाचणार थोडाच, हा दुसरा आक्षेप. लेखापरीक्षणाचे अहवालही मोजकेच लोक वाचतात. तथापि कोणीतरी वाचू शकतो या जाणिवेनेच हिशेब नीट ठेवले जातात.

शासकीय ॲप्लिकेशनांचा सोर्स कोड खुला करण्याचे धोरण केंद्र सरकारने २०१५ मध्येच स्वीकारले आहे. तेव्हा उणीव आहे ती धोरणाची नव्हे, तर अंमलबजावणीच्या शिस्तीची. ज्या आज्ञावलीचा वापर नागरिकावर बंधनकारक केला जातो, तिचा कोड वापरापूर्वी खुला असावा, फेरबदलांच्या संपूर्ण नोंदींसह असावा, आणि चालू आवृत्ती त्याच कोडपासून बनली आहे हे कोणालाही पडताळून पाहता यावे. एवढे तीन दंडक पाळले गेले नाहीत, तर खुलेपणाची घोषणा ही केवळ घोषणाच ठरेल. आणि ज्याच्या नावाने हा सारा कारभार चालतो, तो नागरिक आपल्यावर लागू असलेला नियम वाचण्याच्या हक्कालाच मुकेल.