फेसाचा फोटो आणि चौकटीबाहेरचा माणूस

दिवाळी सरली, छठपूजा आली की दिल्लीहून दरवर्षी एकच फोटो देशभर फिरतो. कालिंदी कुंजजवळ यमुनेवर पांढऱ्याशुभ्र फेसाचे ढीग आणि त्यात कमरेएवढ्या पाण्यात उभ्या राहून सूर्याला अर्घ्य देणाऱ्या बाया. पहिल्या नजरेला बर्फच वाटतो. पण तो असतो शहराच्या सांडपाण्यातल्या डिटर्जंटचा आणि फॉस्फेटचा फेस. ओखला बंधाऱ्यावरून पाणी खाली कोसळताना घुसळतं आणि फेसाळतं. यमुनेची लांबी १,३७६ किलोमीटर. वझिराबाद ते ओखला हा दिल्लीतला टप्पा जेमतेम २२ किलोमीटरचा, पण नदीतल्या प्रदूषणाचा बहुतांश भार याच टप्प्यात पडतो.

ही आकडेवारी अहवालांत वर्षानुवर्षं पडून होती. लोकांनी ती पाहिली फोटोमुळे. कलात्मक छायाचित्रणाची ही ताकद मान्य करायलाच हवी. कॅनडाचे एडवर्ड बर्टिन्स्की यांनी १९९६ साली सडबरीच्या निकेल खाणीच्या गाळातून वाहणारा लालभडक ओढा टिपला. तो लाव्हारसासारखा दिसतो. माणूस आधी रंगाने थबकतो, मग विचारतो, हे आहे काय?

पण आपला प्रश्न त्याच्या पुढचा आहे. पाणी दिसलं, त्या पाण्याची किंमत मोजणारा माणूस दिसला का?

आपल्या देशात पाणी 'बाटलं' हे कुणी ठरवायचं, याचा इतिहास आपल्याला पाठ आहे. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो लोकांसह महाडच्या चवदार तळ्यावर पाणी प्यायले. त्यानंतर सवर्णांनी शेण, गोमूत्र, दूध, दह्याच्या १०८ घागरी ओतून ते तळं 'शुद्ध' करून घेतलं. माणसाच्या ओंजळीने पाणी बाटतं आणि शेणाने शुद्ध होतं, असं मानणाऱ्या समाजाला कारखान्याची नळी आणि शहराचा नाला सहज दिसत नाही, यात नवल ते काय! आणि नाला दिसला तरी त्यात उतरणारा दिसत नाही.

शिवाय सगळं विष फेसाळत नाही. जपानमधल्या मिनामाता इथे चिस्सो कंपनीने समुद्रात सोडलेला पारा पाण्यात दिसत नव्हता. मासे खाणाऱ्या कोळी कुटुंबांच्या वाकड्या झालेल्या हातापायांवर तो दिसला. युजीन स्मिथ आणि आयलीन स्मिथ १९७१ पासून काही वर्षं तिथे राहिले आणि त्या कुटुंबांचे फोटो जगापुढे आले. आपल्याकडच्या गटारातला विषारी वायूही असाच, डोळ्यांना न दिसणारा. तो दिसतो तो चेंबरबाहेर काढून ठेवलेल्या मृतदेहात. २०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवण्यावर बंदी आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारातल्या मृत्यूची भरपाई ३० लाख रुपये केली. तरी मृत्यू थांबलेले नाहीत.

हा माणूस चौकटीत आणला तो आपल्या छायाचित्रकारांनी. सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचं जगणं कृष्णधवल फोटोंत टिपलं. तामिळनाडूचे पळनी कुमार हे मदुराईत मासे विकणाऱ्या आईचे चिरंजीव. शिकले इंजिनिअरिंग, पहिला कॅमेरा घेतला कर्ज काढून. 'कक्कूस' या २०१७ च्या माहितीपटाचं छायांकन त्यांचं. गटारात माणूस गेल्यावर मागे राहिलेल्या घरातली आई, बायको, लेकरं ते टिपत आले आहेत. त्या फोटोंत माणूस दयेसाठी हात पसरत नाही, आपल्याकडे रोखून बघतो. नदीचं सौंदर्य दाखवणारा फोटो आणि हा फोटो यांत फरक पडतो तो कॅमेऱ्यामागे कोण उभं आहे याचा.

मिनामाताची गोष्ट इथे संपत नाही. तिथला सर्वांत गाजलेला फोटो आपल्या आजारी लेकीला न्हाऊ घालणाऱ्या आईचा. पुढे कुटुंबाच्या भावनेचा मान राखून आयलीन स्मिथ यांनी तो वापरातून मागे घेतला. चांगल्या हेतूने काढलेल्या फोटोवरही त्यातल्या माणसाचा हक्क असतो, हे लक्षात ठेवायला हवं. आपल्या वेदनेचं प्रदर्शन इतरांनी पुष्कळ मांडलं. आपण तरी तसं करू नये.

आपल्यापैकी कितीतरी जण घरातले पहिले पदवीधर. हातात मोबाईल आहे, आणि अर्ज कसा लिहायचा हेही कळतं. वस्तीतून वाहणारा नाला, रात्री नळी सोडणारा कारखाना, गढूळ पाण्याचा हातपंप यांचा फोटो काढा. तारीख आणि ठिकाण नोंदवा. एकाच जागेचा फोटो पावसाळ्यात, हिवाळ्यात, उन्हाळ्यात पुन्हा काढा. माणूस टिपण्याआधी त्याला विचारा. तो नको म्हणाला तर कॅमेरा खाली ठेवा. मग तो फोटो नुसता स्टेटसला ठेवून थांबू नका. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तक्रारीला जोडा, त्या तक्रारीचं काय झालं ते माहिती अधिकारात विचारा.

महाडला आपल्या माणसांनी पाण्यावरचा हक्क ओंजळीने बजावला. ते पाणी आज कोण नासवतं आणि ते उपसायला कुणाला उतरवलं जातं, हे आता आपल्याच डोळ्यांनी जगाला दाखवायचं आहे.

जय भीम!