तळ घासणाऱ्याचं नाव कोण घेतं?

२९ मे २०२५ ला 'तारिणी' जगाची फेरी मारून गोव्यात परतली. लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि रूपा ए. यांचं कौतुक झालं, व्हायलाच हवं होतं. तारिणी आणि तिच्याआधीची 'म्हादेई' (जिच्यावर दिलीप दोंदे २००९-१० मध्ये एकट्याने जग फिरून आले) दोन्ही गोव्यात दिवाडी बेटावर बांधलेल्या. पण शिडाच्या नौकेचा वेग नुसत्या शिडात नसतो, तळातही असतो. समुद्र नसलेल्या आपल्या शहरात हे कशाला, असं वाटेल. कारण आहे.

खाऱ्या पाण्यात उभ्या होडीच्या बुडाला आधी शेवाळ धरतं, मग बार्नकल म्हणजे कडक कवचाचे चिवट जीव चिकटतात. ते बसू नयेत म्हणून तळाला तांबं असलेला विषारी रंग देतात. रोलरने मारलेला रंग संत्र्याच्या सालीसारखा राहतो. फिरायच्या होडीला चालतं, शर्यतीच्या नाही. मग माणूस बसतो पाणीपेपर घेऊन. २२० नंबर, मग ३२०, मग ४००. पेपर ठोकळ्याला गुंडाळायचा, नुसत्या बोटांनी घासलं की चर पडतात. रंग कडक जातीचा लागतो. जास्त घासलं तर खालचा प्रायमर दिसतो आणि विषाचा थर गेला की बार्नकलला आमंत्रणच. चमक नको असते, सपाटपणा हवा असतो. तो तळहाताला कळतो.

तळ बिघडला तर काय होतं? २०१८ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत विजेता जाँ-लुक व्हान डेन हेड २१२ दिवसांत पोचला. फिनलंडचा टापिओ लेहटिनेन बार्नकलने भरलेला तळ ओढत ३२२ दिवसांनी आला. हे टोकाचं उदाहरण. किनाऱ्याजवळच्या शर्यतीत फरक सेकंदांचा असतो, पण नंबरही सेकंदांवरच ठरतो. नियमांत तर यासाठी वेगळं कलम आहे, ५३ वं. पाण्यात निसरडं रसायन सोडायचं नाही, पाण्याचा प्रवाह सुधारेल असा खास पोत तळाला द्यायचा नाही. हाताने घासून गुळगुळीत करायला मात्र या कलमात मनाई नाही.

आता आपल्या गावात या. वाळूज-चिकलठाण्याच्या छोट्या शेडमध्ये, गल्लीबोळातल्या डेंटिंग-पेंटिंगवाल्यांकडे हेच काम रोज चालतं. लांबी भरायची, ठोकळा धरायचा, पेपर मारायचा. डोळे मिटून पॅनलवरचा खड्डा सांगणारी पोरं आहेत आपल्याकडे. गोऱ्या साहेबाच्या यॉटवर हेच काम केलं तर कारागिरी, आणि इथे त्याचं नाव काय? "ए, पेपरवाल्या!" हेल्परच्या पगारात.

त्यात धूळ. ओलं घासलं तर धूळ उडत नाही, कोरडं घासलं तर काम लवकर उरकतं. म्हणून कोरडंच घासतात, तोंडाला रुमाल बांधून. रुमालाने घाम पुसला जातो राव, बारीक धूळ थांबत नाही. शिशावर ९० पीपीएमची मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे, पण ती घरगुती आणि सजावटीच्या रंगांना. गाड्यांचे, कारखान्यांचे रंग त्या नियमात येतच नाहीत. होड्यांच्या रंगातलं टीबीटी नावाचं विष समुद्री गोगलगायींचा वंश बिघडवतं हे कळल्यावर २००८ पासून त्यावर जागतिक बंदी आली. चांगलंच झालं. पण गोगलगायीची काळजी घेणाऱ्या जगाला पेपर मारणारा पोरगा दिसत नसेल, तर आपल्याला तरी दिसावा.

मागणी फार मोठी नाही. शक्य तिथे ओली घासाई, जिथे कोरडीच लागते तिथे नीट बसणारा मास्क आणि धूळ ओढणारी मशीन. आणि या कामाला हेल्परच्या वरचा दर. मोठ्या कंपन्यांनी ही अट आपल्या व्हेंडरच्या करारात घातली तर सरकारची वाटसुद्धा बघावी लागणार नाही.

पुढच्या वेळी गाडी रंगाला द्याल तेव्हा शेडमध्ये आत जाऊन बघा. पोरगं कोरडं घासत असेल तर मालकाला तिथेच विचारा, मास्क कुठंय?